निरपवाद नियम आणि एक जुनी मोटारसायकल

१७ नोव्हेंबर, रविवार

आज रहिवासी समितीने माझा मसुदा एकमताने मंजूर केला. ‘एकमताने’ हा शब्द सभा संपताना श्रीवास्तवांनी वापरला. वस्तुतः ते शेवटपर्यंत विरोधात होते. उत्तर सुचेना म्हणून त्यांनी हात वर केला.

नियम असा: आमच्या गल्लीच्या फाटकाच्या आत, कोणत्याही घराच्या कुंपणापाशी मोजला असता ठरलेल्या मर्यादेहून मोठा आवाज कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये. वारंवार उल्लंघन झाल्यास ज्या वस्तूचा आवाज असेल ती वस्तू फाटकाबाहेर. यात लग्नाचा डीजे आला, वाढदिवस आला, प्रचार आला. श्रीवास्तवांचे म्हणणे एवढेच होते की देवीच्या जागरणाला वर्षातून एकदा सवलत असावी.

“मैडम, माता रानी के लिए भी नहीं?”

मी विचारले, मग निवडणुकीला? नातवाच्या बारशाला? ज्या नियमाला अपवाद आहे तो नियम नव्हे, मेहेरबानी आहे. आणि मेहेरबानी नेहमी जोरकस माणसाच्या दारी जाते. टाळ्या पडल्या. लखनऊ विद्यापीठात न्यायशास्त्र, म्हणजे तर्क आणि वाद, शिकवताना क्वचितच पडत असत.

गोपीनाथ पहिल्या रांगेत होते. सर्वांनी टाळ्या वाजवल्यावर त्यांनीही वाजवल्या, किंचित उशिरा. घरी येताना मी विचारले, युक्तिवाद कसा वाटला. ते म्हणाले, “थंडी पडायला लागली.”

(या वहीत मी पतीचा उल्लेख नावाने करते. ज्याचा निर्देश झालेला नाही त्याला ‘हे’ म्हणणे हा दोष आहे. प्रत्यक्षात मी त्यांना ‘अहो’ म्हणते, तो भाग वेगळा.)

२५ नोव्हेंबर

सकाळी श्रीवास्तव फाटकाशी उभे. हातात समितीने नुकतेच आणलेले ध्वनिमापक.

“भाभीजी, गुस्ताख़ी माफ़.” सचिवालयातून निवृत्त झालेला हा गृहस्थ अपमानसुद्धा तबकात ठेवून, वर रुमाल घालून आणतो. “भाई साहब की मोटरसाइकिल... हम तो बरसों से सुन रहे हैं, कभी उफ़ नहीं की. लेकिन अब क़ायदा आपका है.”

त्यांनी आकडा दाखवला. मर्यादेच्या पुष्कळ वर.

“माता रानी चुप बैठ सकती हैं, तो...” वाक्य अर्धे सोडून ते हसले. “और अपवाद तो आपने रखा नहीं.”

माता रानी आणि मोटारसायकल यांतील सादृश्य सदोष आहे, हे मी दाखवून देऊ शकले असते. पण निष्कर्ष बरोबर होता. पहिली नोटीस मी सही करून घेतली.

मसुदा लिहिताना ही मोटारसायकल माझ्या मनात एकदाही आली नाही, हे नमूद केले पाहिजे. रोज सकाळी होणारा आवाज आवाजांत धरला जात नाही. तो सकाळीत धरला जातो.

२७ नोव्हेंबर

मोटारसायकल १९५६ची आहे, इंग्रजी बनावटीची, एका सिलिंडरची. गोपीनाथ हवाई दलात इंजिनांच्या चाचणीवर होते. विमानाचे इंजिन बाकावर बांधून पूर्ण वेगाने चालवायचे आणि शेजारी उभे राहायचे, हे त्यांचे काम. ही गाडी त्यांनी छावणीच्या लिलावातून भंगार म्हणून आणली आणि दोन हिवाळ्यांत चालती केली. आता रोज सकाळी ते ती सुरू करतात, शेजारी स्वस्थ उभे राहतात, आणि मग तेलीबागेहून भाजी घेऊन येतात. फार दूर जात नाहीत.

आज मी त्यांना परिस्थिती समजावून सांगितली. ते ओसरीत पाठमोरे बसून प्लग घासत होते. मी दारात उभी राहून नियम, उल्लंघन आणि निष्कर्ष क्रमाने मांडले. उत्तर नाही. पुन्हा मांडले. नाही. तिसऱ्यांदा मांडले.

वादाचा जुना नियम असा आहे की एखादी गोष्ट तीनदा सांगितली, ती सभेला समजली, तरीही प्रतिपक्ष गप्पच राहिला, तर तो हरला. या पराभवाला अननुभाषण म्हणतात. निवृत्तीनंतर गोपीनाथांचे बहुतेक पराभव याच प्रकारचे आहेत.

मग त्यांनी मान वळवली, मला पाहिले, हसले. “चहा?”

हे अर्थांतर: प्रस्तुत सोडून भलतेच बोलणे. हाही पराभवच. आवाज कमी करून घेण्यास त्यांची संमती आहे असे मी धरून चालते.

एक गोष्ट मात्र मला खुपते. श्रीवास्तवांचा आवाज घोगरा, खर्जातला; त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली की गोपीनाथ ताबडतोब उत्तर देतात. परक्यांशी सौजन्य आणि घरात मौन, या वर्तनाला मला अद्याप नाव सापडलेले नाही.

३ डिसेंबर

आलमबागेत नसीमच्या गॅरेजवर. गोपीनाथ गाडीने, मी ऑटोने.

नसीम चाळिशीचा, बोलका, कानाला सतत फोन. मी त्याला सांगितले की या आवाजाचे तीन भाग आहेत: इंजिनातून सुटणाऱ्या धुराचा ठोका, सांध्यातून होणारी गळती, आणि सायलेन्सरच्या पत्र्याची थरथर. तिन्हींचा उपाय वेगळा.

“मैडम, हमारे यहाँ लौंडे आते हैं आवाज़ बढ़वाने,” तो म्हणाला. “घटवाने वाली पहली सवारी आप हैं.” आणि मग, “अंकल राज़ी हैं?”

“उन्होंने विरोध नहीं किया है,” मी म्हणाले.

नसीमने गोपीनाथांकडे पाहिले. गोपीनाथ सायलेन्सरकडे पाहत होते.

आज फक्त गळती बंद झाली. इंजिनाच्या तोंडाशी जिथे नळी बसते तिथली जुनी रिंग काढून तांब्याची नवी बसवली. उतारावर मधूनच जे फटाके फुटल्यासारखे होत असे, ते थांबले. आकडा थोडासा उतरला. पुरेसा नाही.

८ डिसेंबर

देवयानीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. मुलगी लखनऊत वाढली. मराठी समजते सगळे, बोलताना अर्ध्यावर हिंदीत उतरते.

“बाबांना दे ना फोन, आई. बाबा! घुटने का एक्स-रे करवाया?”

गोपीनाथांनी पडद्याकडे पाहून हात हलवला. “मस्त, मस्त.”

“अरे, मस्त क्या? एक्स-रे!”

“हो, हो. आईशी बोल.” आणि फोन माझ्या हातात देऊन ते गाडीपाशी निघून गेले. निमित्त काढून चर्चा सोडून जाणे: विक्षेप.

“आई, बाबा अजीब हो गए हैं, यार,” ती म्हणाली. “मी काय सांगते त्यात त्यांना इंटरेस्टच नसतो.”

मी तिला सांगितले की त्यांना माझ्याही बोलण्यात रस नसतो, त्यामुळे तिने ते व्यक्तिशः घेऊ नये.

१५ डिसेंबर

सायलेन्सर उघडला. आतल्या अडथळ्याच्या पट्ट्या गंजून जाळी झाल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षे धूर जवळपास विनाअडथळा बाहेर पडत होता. नसीमने आत सर्वत्र बारीक छिद्रांची नवी नळी घातली, तिच्याभोवती पोलादी कीस गुंडाळला आणि कीस व पत्रा यांच्यामध्ये काचेची लोकर ठासली. शेपटीचे तोंड अरुंद केले. तेव्हा इंजिनाचा दम कोंडू लागला, म्हणून कार्बुरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलावा लागला. नसीमचा पहिला जेट चुकला, दुसराही चुकला, तिसरा बसला. मी दिवसभर तेथील एका स्टुलावर बसून होते आणि मला समाधान वाटत होते. ही समस्या मर्यादित होती, आणि तिला उत्तर होते.

शेवटी नसीमने गाडी सुरू केली. भुर्र नाही, धडधड नाही. दूरच्या खोलीत कोणी उखळात काही कुटावे तसा आवाज.

गोपीनाथांनी टाकीवर तळवा ठेवला. मग वाकून शेपटीपाशी डोके नेले. “फिर से,” ते म्हणाले. नसीमने ॲक्सिलरेटर पिळला. “फिर से.” त्याने पुन्हा पिळला. “एक बार और, बेटा.”

प्रश्नपत्रिका हाती घेतल्यावर ती आपल्या विषयाचीच नाही असे कळलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे. तो चेहरा त्यांचा होता. मी याला मूक निषेध समजते. निषेध करायचा होता तर योग्य वेळी करावयास हवा होता.

२० डिसेंबर

आकडा मर्यादेच्या खाली.

श्रीवास्तव स्वतः तिळाची गजक घेऊन आले. “मान गए, भाभीजी. क़ायदा बनाना एक बात है, उसे अपने ही आँगन में निभाना दूसरी.” स्तुती खरी होती, म्हणून मी ती स्वीकारली.

आमच्यासमोर गोपीनाथांनी किक मारली. इंजिन लागले. ते हात टाकीवर ठेवून उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चालू आहे का?”

श्रीवास्तव हसले. मी हसले नाही. उपरोध हा युक्तिवाद नव्हे.

२३ डिसेंबर

नसीमचा फोन. “मैडम, अंकल यहाँ आए थे. घर से आलमबाग़ तक पहले ही गियर में चले आए. इंजन उबल रहा था. मैंने पूछा तो हँसने लगे.”

गाडी निकामी करून दाखवायची आणि मग ‘पाहा, तुमच्या उपायाचा परिणाम’ म्हणायचे, हा डाव मी ओळखते. घरी आल्यावर तसे सांगितले. ते भाजीची पिशवी रिकामी करीत राहिले. दुधी सांगितला होता, दोडका आणला.

३१ डिसेंबर

धुके. तेलीबागेच्या चौकात गोपीनाथांना ई-रिक्शाने मागून धक्का दिला. गुडघा सोलवटला, गाडीची पायदाणी वाकली. याहून अधिक काही नाही. त्यांना आणि गाडीला चौकातल्या लोकांनी उचलले. रिक्शावाला त्यांना घरापर्यंत सोडायला आला, गाडी मागून दुसऱ्या कोणी आणली.

तो दारातच सांगू लागला. “माताजी, क़सम से, हम हॉर्न पे हॉर्न दिए. पहले ये बगल में थे, फिर एकदम सामने आ गए. हम चिल्लाए भी. बाऊजी ने सुना ही नहीं. और इनकी गाड़ी की तो आवाज़ ही नहीं थी, नहीं तो कोहरे में आवाज़ से ही पता चल जाता.”

“सुना ही नहीं” हे त्याने आत्मसमर्थनार्थ म्हटले, असे मी प्रथम धरले. मग त्याला चहा दिला. तो पीत असताना त्याच्या मागे गोपीनाथ पलंगावर बसून गुडघ्यावर हळद लावत होते, आणि त्यांच्या पाठीमागच्या स्वयंपाकघरात कुकर शिट्टीमागून शिट्टी देत होता. रिक्शावाला दचकून तिकडे पाहू लागला. गोपीनाथांनी हळद लावणे थांबवले नाही.

२ जानेवारी

निष्कर्षावर उडी घेणे योग्य नाही. जिथे कारण आहे तिथे कार्य आहे, जिथे कारण नाही तिथे कार्य नाही. दोन्ही बाजूंनी पडताळल्याशिवाय संबंध सिद्ध होत नाही. म्हणून आज पडताळले.

ऊन निघाले होते. गोपीनाथ गच्चीवर मटार सोलत बसले होते, पाठ माझ्याकडे. मी त्यांच्या मागे, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर उभी राहिले.

“साखर संपली आहे,” मी म्हणाले. काही नाही. ते एरवीही अशा वाक्याला उत्तर देत नाहीत, म्हणून हे प्रमाण मानता येत नाही.

“देवयानी उद्या येते आहे.” शेंग फुटली, दाणे भांड्यात पडले.

मग मी म्हणाले, “तुम्हांला ऐकू येत नाही.”

हे वाक्य मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावे अशा स्वरात उच्चारले. ते खोटे ठरवण्यासाठी त्यांनी केवळ मान वळवायला हवी होती. त्यांनी पुढची शेंग घेतली.

मी वळसा घालून समोर गेले. त्यांनी वर पाहिले, डोळे माझ्या डोळ्यांवर नव्हे, किंचित खाली स्थिरावले. “साखर संपली आहे,” मी सावकाश म्हणाले.

“आणतो की,” ते म्हणाले.

मग मी त्यांच्याशेजारी बसून मटार सोलले.

५ जानेवारी

पराभवाच्या प्रकारांत एक प्रकार आहे जो मी विद्यार्थ्यांना घाईने शिकवून पुढे जात असे, कारण तो परीक्षेत क्वचित येई. जो हरलेला नाही त्याच्यावर ‘तू हरलास’ असा आरोप करणारा स्वतःच हरतो.

देवयानीशी बोलले नाही. तिला सांगितले तर ती फोनवर ओरडून बोलू लागेल, आणि त्यांना कळेल की मला कळले आहे.

आता सगळे जोडता येते. नसीमने नळी घालण्यापूर्वी त्यांना गाडी ऐकू येत होती. इंजिनाचा तो जाड, खालच्या पट्टीतला ठोका तेवढा त्यांच्यापाशी उरला होता. श्रीवास्तवांचा घोगरा आवाजही त्याच पट्टीतला. माझा आवाज बारीक आहे. तो त्यांच्या कानातून केव्हा गेला असावा हे मला सांगता येणार नाही. ठोक्यावरून त्यांना वेग कळे, गियर कळे, गाडी चालू आहे हे कळे. मी एक आवाज काढून टाकला, तो गल्लीला नको असलेला होता. त्यांच्याजवळ तेवढाच होता.

कर्णयंत्र नावाची वस्तू असते हे मला माहीत आहे. पण तिथवर जाणारा रस्ता एका वाक्यातून जातो, आणि ते वाक्य मला त्यांच्यासमोर उभे राहून म्हणावे लागेल. ते लपवण्यात त्यांनी काय जपले आहे, मला ठाऊक नाही. हवाई दलाच्या वैद्यकीय तपासणीत कान नापास झाला की माणसाला इंजिनापासून दूर, टेबलावर बसवत. कदाचित लपवण्याची सवय तिथली. कदाचित त्यांना वाटले असेल की मला सांगितले तर मी पुरावा मागेन. मागितलाही असता.

दुपारी मी एकटी आलमबागेत गेले. वाकलेली पायदाणी सरळ करायला गाडी कालपासून नसीमकडेच होती.

“ग्लासवूल निकाल दीजिए,” मी नसीमला म्हणाले. “नली भी. जैसी थी, वैसी कर दीजिए.”

“अभी तो भरवाया था, मैडम!”

“हाँ.”

“कोई गड़बड़ हो गई?”

“नहीं. काम बिल्कुल ठीक हुआ था.”

त्याने पाना उचलला. मग म्हणाला, “तांबे की रिंग रहने दूँ? वो तो इंजन के भले की है.” मी ती राहू दिली.

१२ जानेवारी

दुसरी आणि तिसरी नोटीस एकाच आठवड्यात आल्या. श्रीवास्तवांनी या वेळी गुस्ताख़ीची माफी मागितली नाही. ते दुखावलेले दिसले. पुढच्या रविवारी सभा.

गोपीनाथ सकाळी गाडीपाशी पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहतात. सायलेन्सर पुन्हा पोकळ झाला हे त्यांनी पहिल्याच किकला ओळखले. माझ्याकडे वळून पाहिले आणि काहीही विचारले नाही. मीही सांगितले नाही. एकमेकांसमोर इतके गप्प आम्ही यापूर्वी कधी बसलो नव्हतो.

मी आता बोलताना ओठांवर उजेड पडावा म्हणून खिडकीकडे तोंड करते, वाक्य आखूड ठेवते. आज दुधी सांगितला, दुधीच आला. जेवताना त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. मीठ कमी पडले असावे.

१९ जानेवारी, रविवार

सभा उद्यानातल्या शामियान्यात. गोपीनाथांनी निळा ब्लेझर घातला, माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसले.

श्रीवास्तव अध्यक्ष. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला लिहिलेच पाहिजे. “भाभीजी, आवाज़ तो घट गई थी. फिर बढ़ी कैसे? नसीम कहता है आपने ख़ुद निकलवाया.”

कुजबुज झाली.

“कोई वजह हो तो बता दीजिए,” ते पुढे वाकून म्हणाले. “बीमारी-सीमारी, कुछ भी. हम दर्ज कर लेंगे. इंसान ही तो बैठे हैं यहाँ, कोई अदालत थोड़े ही है.”

मजजवळ कारण होते. ते निर्दोष होते, पुरेसे होते, आणि त्याला कोणी खोडून काढू शकले नसते. माझ्या आयुष्यात इतके भक्कम कारण मला फार थोड्या वादांत मिळाले आहे. ते मी तिथे मोठ्याने सांगितले असते तरी माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू गेले नसते. ऐकू गेले नसते. पण सांगितल्याच्या पुढच्याच क्षणी शामियान्यातला प्रत्येक चेहरा त्यांच्याकडे वळला असता. सर्वांच्या चेहऱ्यांवर दया आली असती. आणि गोपीनाथ चेहरेच ऐकतात.

मी गप्प राहिले.

श्रीवास्तवांनी पुन्हा विचारले. मागून कोणी तरी म्हणाले, “अरे, जवाब तो दीजिए, प्रोफ़ेसर साहिबा! औरों की बारी में तो बड़ा बोलती थीं.” हशा झाला. मी हातातल्या चष्म्याच्या डबीचे झाकण उघडले आणि मिटले.

“आपसे ये उम्मीद न थी,” श्रीवास्तव म्हणाले. त्यांच्या स्वरात विजय नव्हता, म्हणून ते वाक्य सोसणे अधिक कठीण गेले. ठराव झाला: महिनाअखेर मोटारसायकल फाटकाबाहेर. हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता. नियम माझा आहे, आणि त्यात अपवाद नाही.

घरी आल्यावर गोपीनाथांनी विचारले, “काय ठरलं?” त्यांनी असे काही विचारल्याचे मला आठवत नाही.

मी दिव्याखाली उभी राहिले. “गाडी बाहेर ठेवायची.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “तू काहीच बोलली नाहीस.”

“नाही.”

“मी पाहत होतो. सगळे विचारत होते, आणि तू काहीच बोलली नाहीस.” मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला, आणि चहा घेऊन नेहमीच्या खुर्चीत न बसता माझ्या समोरची खुर्ची ओढून बसले. नेहमीच्या खुर्चीची वीण सैल झाली आहे. बदलून घेतली पाहिजे.

२६ जानेवारी

झेंडावंदन लाउडस्पीकरविना झाले. मुलांनी नुसत्या गळ्याने गाणी म्हटली. धुक्यात ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचली नाहीत. परतताना श्रीवास्तव शेजारून गेले. “देख लीजिए, भाभीजी,” एवढेच म्हणाले. मी पाहिले.

फाटकाबाहेर कपड्यांना इस्त्री करणाऱ्याची पत्र्याची शेड आहे. तिच्या मागच्या बाजूला तो गाडी ठेवू देण्यास तयार आहे. “रख दीजिए, माताजी. रात को ताड़पत्री डाल देंगे.”

३१ जानेवारी

आज गाडी बाहेर नेली. इंजिन बंद ठेवून, ढकलत. कारण फाटकाच्या आत ती सुरू करण्याचा हक्क आम्हांला उरलेला नाही. गोपीनाथ हँडल धरून पुढे, मी मागून सीटला हात लावून. गाडी माझ्या अंदाजापेक्षा फार जड आहे. गल्लीतल्या गतिरोधकापाशी ती अडली. पुढे जाईना, मागे येईना. आम्ही दोघे तिथेच तिला धरून उभे. सोडली असती तर पडली असती. आजूबाजूच्या खिडक्यांचे पडदे हलले. कोणी बाहेर आले नाही. मग गोपीनाथांनी वळून मला बोटांनी खूण केली: एक, दोन, तीन. मी सर्व बळ लावले. ती पलीकडे गेली.

फाटकाबाहेर त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकला ती लागली, आणि तो जुना, जाडाभरडा ठोका इस्त्रीवाल्याच्या पत्र्यावर आदळू लागला. गोपीनाथांनी डोळे मिटले होते. मग उघडले आणि मागच्या सीटकडे हात केला. “बस.”

कंबरेचे कारण सांगून मी कित्येक वर्षांत त्या गाडीवर बसलेले नाही. आज कंबरेचे कारण पुढे केले नाही.

ते नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्याने निघाले. माझ्या तोंडासमोर त्यांची पाठ होती. तिला काही ऐकू जाणार नाही हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून मी बोलू लागले. त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकेल इतकी मी पुढे सरकले होते. मटार सोलतानाचे बोलले, शामियान्यातले बोलले, लोकर भरून घेताना मला समाधान वाटत होते तेही बोलले. काही वाक्ये न्यायाला धरून नव्हती. एकाही वाक्याला कारण जोडले नाही. शेवटचे एक पुन्हा पुन्हा म्हणाले. ते येथे उतरवीत नाही. ते वहीला उद्देशून नव्हते.

पुलापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. एकदम सर्वत्र शांतता झाली, म्हणजे मला झाली. त्यांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवले.

“वाटभर बोलत होतीस,” ते म्हणाले.

मी हनुवटी मागे घेतली.

“पाठीला लागत होतं. गाडीचं वेगळं कळतं, ते वेगळं होतं.” नहरेतून पाणपक्ष्यांचा एक थवा उठला, ते त्याच्याकडे पाहत राहिले, तो पलीकडे उतरेपर्यंत. “काय ते मात्र नाही कळलं.”

मग माझ्याकडे न वळता, हँडलवरची पकड जराशी घट्ट करून ते म्हणाले, “खाली उतर. समोर ये, आणि परत सांग.”

मी उतरले. पदर सावरला, वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि उन्हाकडे तोंड करून उभी राहिले.